ऑपरेशननंतरचा पोटाचा पट्टा: माप, बांधणी आणि सोडण्याची वेळ

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली ‘ॲब्डॉमिनल बाईंडर’ एवढंच लिहिलेलं असतं. माप नाही, रुंदी नाही, किती तास घालायचा तेही नाही. घरचं कुणीतरी धावत खाली मेडिकलमध्ये जातं. दुकानदार विचारतो, ‘कंबर किती?’ हा पेशंटच्या जुन्या पॅन्टचं माप सांगतो आणि जो पट्टा वॉर्डात येतो तो एकतर पुरत नाही, नाहीतर बरगड्यांपासून मांडीपर्यंत जाऊन बसतो. चार दिवसांत तो कपाटावर जातो आणि ‘बेल्टचा काही उपयोग नाही’ हे सगळ्या बिल्डिंगला कळतं. खरं तर चूक मापात आणि बांधण्यात झालेली असते.

पट्ट्याचं काम काय

पोट कापून शिवलं की खोकणं, शिंकणं, हसणं, कुशीवर वळणं, पलंगावरून उठणं या प्रत्येक हालचालीत पोटाचे स्नायू ताणले जातात आणि टाक्यांवर ओढ बसते. दुखतं म्हणून पेशंट खोकला दाबतो, श्वास वरवर घेतो आणि अंथरूण सोडत नाही. त्यातून छातीत कफ साठतो, आतडी सुस्त पडून गॅस अडकतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. खोकताना आपण पोटावर उशी दाबून धरतो, तोच आधार पट्टा दोन्ही हात मोकळे ठेवून देतो. त्यामुळे दुखणं थोडं कमी होतं आणि चालणं लवकर सुरू होतं. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवायची.

पट्ट्याने चरबी कमी होत नाही. पुढे हर्निया होणारच नाही याची हमी मिळत नाही. बाळंतपणात पोटाच्या मधल्या दोन उभ्या स्नायूंमध्ये जी फट पडते, तीही पट्ट्याने मिटत नाही. ती बरीचशी आपोआप आणि बाकीची फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामांनी भरून येते. ‘पोट बांधलं नाही तर पोट सुटतं’ हे घरोघरच्या आजी सांगतात, आणि जुन्या सुती साडीने पोट बांधायची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. सिझेरियननंतर मात्र गाठ मारून करकचून बांधलेलं कापड नको. त्याचा दाब एका रेषेत येतो, टप्प्याटप्प्याने सैल करता येत नाही आणि गाठ नेमकी टाक्यांवर सरकते. मालिशवाल्या बाईंनाही आधीच सांगून ठेवा की हातपाय आणि पाठ चालेल, पोटाला हात लावायचा नाही.

कुणाला लागतो, कुणाला नाही

पोटावर उभा मोठा छेद असेल, सिझेरियन झालं असेल, गर्भाशय पोटातून काढलं असेल, बेंबीचा किंवा जुन्या टाक्यांतला हर्निया जाळी लावून दुरुस्त केला असेल, तर सर्जन सहसा पट्टा सांगतात. दुर्बिणीतून पित्ताशय किंवा अपेंडिक्स काढलं असेल तर बहुतेकांना लागत नाही. तिथे खोकताना हाताचा आधार पुरतो. जांघेतल्या हर्नियाला पोटाचा पट्टा निरुपयोगीच आहे, कारण पट्टा वर राहतो आणि जखम खाली. त्यांनी घट्ट बसणारी अंडरवेअर किंवा डॉक्टरांनी सांगितलेला लंगोटासारखा सपोर्ट वापरायचा. लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) किंवा टमी टक (पोटाची सैल कातडी कापून काढणं) यानंतर मिळणारा घट्ट कपडा हा प्रकार वेगळा आहे. तो बहुधा दिवसरात्र घालायचा असतो, त्यामुळे इथले तास तिथे लावू नका.

काही जणांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय पट्टा बांधूच नये. किडनी बसवलेले पेशंट (नवी किडनी पोटाच्या खालच्या बाजूला, कातडीच्या जवळच असते), दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, हृदय कमजोर असलेले, पोटात जेवणाची नळी किंवा डायलिसिसची नळी बसवलेले आणि स्टोमाची पिशवी (आतड्याचं तोंड पोटावर काढून मळासाठी लावलेली पिशवी) असलेले हे सगळे त्यात आले.

दुकानात काय मागायचं

दुकानात चार प्रकारचे पट्टे एकमेकांसारखे दिसतात आणि घाईत चुकीचा हाती पडतो. मागे उभ्या जाड पट्ट्या आणि बाजूने ओढायचे जादा बंद असतील तर तो पाठदुखीचा एल-एस बेल्ट आहे. जेमतेम सहा इंच रुंदीचा असेल तर बरगड्यांचा. रबरासारख्या जाड काळ्या कापडाचा, ‘घाम काढा, पोट कमी करा’वाला असेल तो जिमचा. तो ताज्या जखमेवर तर अजिबात नको, आत हवाच जात नाही. खाली निमुळता, पोट खालून उचलणारा असेल तो गरोदरपणातला. आपल्याला हवा तो पट्टा सपाट इलॅस्टिकचा असतो. तीन किंवा चार आडव्या पट्ट्या एकाखाली एक शिवलेल्या, पुढे रुंद वेल्क्रो. पाठीमागे एखाद-दोन मऊ प्लॅस्टिकच्या काड्या असल्या तर हरकत नाही, त्या पट्टा गुंडाळला जाऊ नये म्हणून असतात.

तीन पट्ट्यांचा साधारण नऊ इंच रुंद, चार पट्ट्यांचा बारा इंच. इथे बहुतेक घरं चुकतात. ‘जास्त रुंद म्हणजे जास्त आधार’ असं वाटून बारा इंची घेतला जातो. पाच फुटांच्या बाईला तो बसल्याबरोबर वर बरगड्यांत आणि खाली मांडीत रुततो, मधे दुमडतो आणि ती दुमड टाक्यांवर येते. बारा इंची पट्टा उंच, लांब धडाच्या माणसांसाठी किंवा छातीच्या हाडापासून बेंबीखालपर्यंत गेलेल्या उभ्या छेदासाठी.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. ऑपरेशनच्या आधीचं माप धरू नका. ऑपरेशननंतर पोटाला सूज असते, गॅस असतो, ड्रेसिंगची जाडी असते. बाळंतिणीचं गर्भाशय पहिल्या दिवशी बेंबीच्या आसपासच असतं आणि साधारण दोन आठवड्यांनी ओटीपोटात उतरतं. तेव्हा माप घ्यायचं ते ऑपरेशननंतर, ड्रेसिंगवरून आणि पोट सैल सोडून.

१. पेशंटला उताणं झोपवा किंवा जमत असेल तर उभं करा. बेंबीच्या रेषेत टेप गोल फिरवा. टेप टेकली पाहिजे, आवळायची नाही. श्वास सोडल्यावरचा आकडा लिहा.

२. बेंबीखाली चार बोटांवर, पोट सर्वांत फुगीर असेल तिथे, पुन्हा मोजा. दोन्हींतला मोठा आकडा धरा.

३. पेशंटला पलंगाच्या कडेला बसवा. बाजूने, शेवटच्या बरगडीच्या खालून मांडी जिथे सुरू होते त्या घडीपर्यंत मोजा. हे अंतर नऊ इंचांच्या आत असेल तर बारा इंची विसरा. आठच्याही आत असेल तर आठ इंची मिळतो का विचारा.

४. हे आकडे कागदावर लिहून दुकानात द्या आणि डब्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहा.

तक्ता बघणं का गरजेचं? टायनॉर, फ्लेमिंगो, विस्को अशा कंपन्यांचे पट्टे मुंबईत सगळीकडे मिळतात, पण एकाचा ‘लार्ज’ दुसऱ्याचा ‘लार्ज’ असेलच असं नाही. इंच आणि सेंटिमीटरचीही गल्लत होते. माप दोन साईजच्या सीमेवर आलं तर मोठी घ्या, पण एक बघून घ्या: पट्टा पुष्कळ ओढून घेतल्यावर वेल्क्रो चिकटायला पुढे जागा उरते का? सूज उतरली की दोन आठवड्यांत दोन-तीन इंच आत घ्यावं लागतं. वेल्क्रोचे बारीक हुक साध्या इलॅस्टिकवर गेले तर नीट धरत नाहीत आणि खोकताना पट्टा सुटतो.

साधारण चारशे ते हजार-बाराशे रुपयांत बरा पट्टा मिळतो. परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या दुकानांत लगेच मिळेल. वेळ असेल तर मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे शामलदास गांधी मार्गावर, सर्जिकलच्या दुकानांत छापील किमतीपेक्षा कमी दराची शक्यता जास्त आणि मापंही बहुधा सगळी असतात. पाकीट फोडण्याआधी विचारा, ‘साईज चुकली तर बदलून देणार का?’ अंगाला लागलेला पट्टा सहसा परत घेत नाहीत. रबराची ॲलर्जी असेल, म्हणजे फुगा किंवा रबरी हातमोजा लागला की अंगावर पित्त उठत असेल, तर लेटेक्स नसलेला मागा. आणि जाळीदार, हवा खेळणारं कापड असलेला मिळाला तर शंभर-दोनशे जास्त द्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते पैसे वसूल होतात.

बांधायचा कसा

पहिल्या दोन-तीन वेळा सिस्टर किंवा वॉर्डातल्या मावशी बांधून देतात. तेव्हा घरी जो बांधणार आहे त्याने शेजारी उभं राहून बघावं, आणि एकदा त्यांच्यासमोर स्वतः बांधून दाखवावा. पट्टा नेहमी झोपून बांधायचा. उभं राहिल्यावर पोट खाली-पुढे येतं. तसंच बांधलं की पट्टा पोटाच्या वरच्या भागावर बसतो आणि पोट त्याच्याखालून लोंबतं.

१. आधी लघवीला जाऊन या. हात धुवा. ड्रेसिंग कोरडं आहे ना बघा. ड्रेनची नळी (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी) असेल तर ती पट्ट्याच्या आत दुमडू देऊ नका. कडेवरून सरळ बाहेर काढा, पिशवी जखमेपेक्षा खाली ठेवा.

२. अंगात पातळ सुती बनियन किंवा कुर्ता हवा. तो खाली ओढून सपाट करा. शिवण, बटण, बनियनची घडी यातलं काहीही टाक्यांवर नको.

३. गुडघे वाकवून उताणं झोपा. कंबर वर उचलू नका, त्याने टाक्यांवर जोर येतो. खांदा, कंबर, गुडघे एकदम वळवत कुशीवर व्हा. मदतनीसाने पट्ट्याचं अर्धं टोक गुंडाळी करून पाठीखाली सरकवायचं. मग परत उताणं वळा आणि पलीकडून गुंडाळी ओढून घ्या.

४. पट्ट्याचा मध्य पाठीच्या कण्यावर आणा. वरची कड बरगड्यांच्या खाली राहिली पाहिजे. सिझेरियनचा आडवा छेद अगदी खाली असतो, त्यामुळे पट्ट्याची खालची कड टाक्यांच्या निदान दोन बोटं खाली जायला हवी. कड बरोबर टाक्यांवर टेकली, तर चालताना ती करवतीसारखी घासते. सर्वांत जास्त त्रास याच एका चुकीमुळे होतो.

५. श्वास सहज सोडा. पोट आत ओढून धरू नका. आत ओढून बांधलं तर सैल सोडल्यावर पट्टा आवळून बसतो.

६. दोन्ही टोकं दोन हातांत धरून एकदम, सारख्या जोराने मधे आणा. एक टोक धरून दुसरंच ओढत राहिलं तर कातडी एका बाजूला खेचली जाते आणि जखमेच्या कडा तिरक्या ताणल्या जातात.

७. वेगवेगळ्या सुटणाऱ्या पट्ट्या असतील तर खालून वर लावा. सगळ्यांत खालची जरा घट्ट, मधली त्याहून कमी, वरची फक्त टेकलेली. वरून सुरुवात केली की पोट खाली ढकललं जातं.

८. वरच्या आणि खालच्या कडेतून दोन बोटं सपाट आत गेली पाहिजेत. बोटं घुसवावी लागली तर घट्ट, आख्खा पंजा गेला तर सैल.

९. पुन्हा कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, कोपराने आणि हाताने रेटून बसा. मिनिटभर बसून चक्कर येत नाही ना बघा, मग उभे राहा. उभं राहिल्यावर पट्टा थोडा सरकतोच. वेल्क्रो सोडून तेवढा नीट करा, नुसता खाली ओढू नका.

घट्टपणा तपासायची आणखी एक सोपी रीत आहे. हॉस्पिटलमधून तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र बहुतेकांना दिलेलं असतं. पट्टा न बांधता श्वास ओढल्यावर दोन गोळ्या वर जात असतील तर पट्टा बांधून बसल्यावरही दोन गेल्या पाहिजेत. एकच गेली तर वरची पट्टी सैल करा. यंत्र नसेल तर एक लांब वाक्य न थांबता बोलून बघा. घट्ट पट्ट्याने पोटातला दाब वर छातीच्या पडद्याला ढकलतो आणि फुप्फुसाचा तळ उघडत नाही. खाली तोच दाब मूत्राशयावर आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर येतो. बाळंतिणीला खोकताना लघवीचे थेंब जातात, त्यात आणखी भर पडते.

काढताना घाई नको. एका हाताने खालची पट्टी पोटाशी धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने वेल्क्रो कडेकडून हळू सोलायचं. झटक्यात ओढलं की तो हिसका थेट टाक्यांना बसतो. (रात्री बाळ जेमतेम झोपलेलं असताना वेल्क्रोचा तो चर्र आवाज घरात किती मोठा वाटतो, हे पहिल्याच रात्री कळतं. बाहेरच्या खोलीत जाऊन काढा.)

किती वेळ आणि कधी

सर्जनने वेगळं सांगितलं नसेल तर नियम सोपा: हालचाल असेल तेव्हा पट्टा, आराम असेल तेव्हा नाही. उठताना, चालताना, जिना चढताना, रिक्षातून जाताना घाला. झोपताना काढा. पहिल्या दिवशी एका वेळी दोन तास पुरे. मग काढून कातडी बघा आणि हळूहळू वाढवा. जेवणाआधी वरची पट्टी सैल करा. पोटभर जेवणावर घट्ट पट्टा म्हणजे घशाशी आंबट येणारच. बाळाला पाजायला बसल्यावरही तेच करा. फार वेळ बसायचं असेल तर खालची पट्टीही उघडा, नाहीतर ती मांडीच्या घडीत रुतते. संडासला जाताना पूर्ण सोडलेला बरा. कुंथायचं नाही. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

पहिल्या दोन आठवड्यांत खरी गरज असते. त्यानंतर बरेच सर्जन चार ते सहा आठवड्यांपर्यंत कमी करत न्यायला सांगतात. मोठ्या हर्नियाच्या ऑपरेशनला याहून जास्त दिवस लागू शकतात. सोडतानाही एकदम नको. रोज तास-दोन तास कमी करा: आधी घरातल्या घरात काढा, बाहेर जाताना ठेवा, शेवटी फक्त प्रवासापुरता. महिनोन्‌महिने घालत राहिलं तर पोटाचे स्नायू आयत्या आधाराला सोकावतात.

कपडे

परकराची नाडी हा बाळंतिणीचा मोठा शत्रू. ती बरोबर टाक्यांच्या रेषेत किंवा पट्ट्याच्या खालच्या कडेवर आवळली जाते आणि रुंद पट्ट्याने पसरलेला दाब पुन्हा एका दोरीवर आणते. पहिले काही आठवडे गाऊन सर्वांत बरा. साडी नेसायचीच असेल तर परकर पट्ट्याच्या वरून, बेंबीच्या वर, सैल बांधा. सलवारीची नाडी आणि पॅन्टचा बेल्ट यांनाही हेच लागू. पुरुषांना लुंगी किंवा सैल इलॅस्टिकची हाफ पॅन्ट सोयीची. अंडरवेअर एक साईज मोठी, उंच कमरेची घ्या, म्हणजे तिचं इलॅस्टिक जखमेवर न येता तिच्या वरच्या बाजूला जाईल.

घाम, कातडी आणि पावसाळा

मुंबईच्या दमट हवेत पट्ट्याखालची कातडी हा खरा प्रश्न आहे. पट्ट्याखालचा घाम वाळतच नाही. आधी घामोळं, मग खाज, मग पोटाच्या घडीत गजकर्ण. दिवसातून निदान दोनदा पट्टा काढून, कपडा वर करून, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं पोट उघडं ठेवा. घामेजलेला बनियन लगेच बदला. दिवसाला तीन बदलावे लागले तरी कंटाळू नका. पोट सुटलेलं असेल आणि घडी टाक्यांवर पडत असेल, तर घडी उचलून पुसा आणि मधे कोरड्या गॉजची किंवा मऊ सुती कापडाची एक घडी ठेवा. पट्टा बांधताना ती घडीही वर उचलून आत घ्यायची.

सिझेरियननंतर टाक्यांच्या आसपासची कातडी कित्येक महिने बधिर असते. पट्टा तिथे घासून कातडी सोलली तरी कळत नाही. त्यामुळे ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ असं धरू नका. रोज अंघोळीनंतर आरशात बघा किंवा मोबाईलने खालून फोटो काढा. पट्ट्याचे लाल वळ अर्ध्या तासात गेले तर चालेल. तासाभरानेही तसेच असतील, फोड आला असेल किंवा कातडी ओली दिसत असेल तर पट्टा बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. टाक्यांवर पावडर, हळद, तेल काही नको. आणि खाजेला मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब लावू नका. त्यातल्या कित्येकींत स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण पसरतं.

धुण्याचं म्हणाल तर वेल्क्रो बंद करून, साध्या पाण्यात थोडी सौम्य साबण पावडर घालून, हाताने. घासू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा. ब्लीच, गरम पाणी, इस्त्री, कडक ऊन यांनी इलॅस्टिक मरतं. वेल्क्रो उघडं ठेवून मशीनमध्ये टाकलं तर बाकीच्या कपड्यांचे धागे त्यात अडकतात आणि पकड जाते. अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पट्टा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर पट्टा बांधणं म्हणजे जखमेत जंतूंना आमंत्रण. त्या दिवसांत परवडत असतील तर दोन पट्टे घ्या. नसतील तर रात्री धुवून पंख्यासमोर आडवा पसरा. तसाही तो रात्री घालायचा नसतोच.

घर, जिना, लोकल

पट्टा बांधला की पेशंटला बरं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. पट्टा वजन उचलायचा परवाना नाही. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या घरात, त्यातला गॅसच १४.२ किलो. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही नको. बाळंतिणीने बाळ उचलायचं, पाण्याचा हंडा नाही. सकाळी ठरावीक वेळेला पाणी येणाऱ्या चाळीत पाणी भरण्याची व्यवस्था ऑपरेशनच्या आधीच कुणाकडे तरी लावून ठेवा. ऐन वेळी ‘एवढी एकच बादली’ म्हणून पेशंटच उठतो.

लिफ्ट नसेल तर जिना चढता येतो. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मजल्यागणिक थांबून चढा. रिक्षात सीटच्या मधोमध बसा, खड्डा आला की पट्ट्यावरून उशी दाबून धरा. गाडीत सीटबेल्ट लावायचाच. त्याचा कमरेचा पट्टा पोटाखाली, कंबरेच्या हाडांवर यायला हवा. मधे छोटा टॉवेल ठेवलात तर टोचणार नाही. लोकलचं म्हणाल तर टाके काढेपर्यंत नकोच. पुढेही कामावर लागताना पीक अवर टाळता आला तर टाळा. गर्दीतला कोपर पट्टा अडवू शकत नाही. पट्टा कपड्याच्या आत लपवण्यापेक्षा वरून दिसू दिला तर निदान चार माणसं जागा देतात.

स्टोमाची पिशवी असेल तर

साधा पट्टा पिशवीवरून बांधायचा नाही. पिशवी दाबली जाते, मळ बाजूने झिरपतो, कातडी जळते आणि स्टोमाचा रक्तपुरवठाही दबू शकतो. यासाठी गोल भोक असलेले पट्टे मिळतात. भोक पिशवीच्या चकतीच्या मापाचं आणि बरोबर तिच्या जागी हवं. घरी कात्रीने भोक पाडू नका, इलॅस्टिक उसवत जातं आणि कडा टोचतात. टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. ज्यांचे उपचार तिथे चालू आहेत त्यांनी माप तिथल्या स्टोमा नर्सकडूनच घ्यावं.

पट्टा सोडून डॉक्टर गाठायची वेळ

ताप, टाक्यांतून पू किंवा घाण वास, जखमेभोवती वाढत जाणारी लाली, पोट फुगत जाणं आणि त्यासोबत उलट्या, गॅस न सुटणं यातलं काहीही दिसलं तर पट्टा काढा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. पोट फुगतंय म्हणून पट्टा आणखी आवळणं ही धोकादायक चूक आहे. एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

उभ्या छेदाच्या पेशंटला ऑपरेशननंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग अचानक गुलाबीसर पाण्याने भिजलं आणि ‘आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं’ असं तो म्हणाला, तर आतले टाके उसवले असण्याची शक्यता असते. पेशंटला गुडघे वाकवून झोपवा, तोंडाने काही देऊ नका, लगेच हॉस्पिटलला न्या. जखम उघडून आतडं दिसत असेल तर आत ढकलायचं नाही. सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा आणि त्यावर पट्टा आवळू नका.

ड्रेन काढायला, टाके काढायला आणि पहिल्या फॉलोअपला पट्टा बांधूनच जा. कुठे बसतो, कुठे घासतो हे डॉक्टरांना अंगावर दिसलं तर दुरुस्ती लगेच होते. त्याच वेळी एक प्रश्न कागदावर लिहून न्या: ‘कुठल्या तारखेपासून कमी करायचा?’ आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

वापरून झालेला पट्टा शेजारीण किंवा नणंद तिच्या सिझेरियनसाठी मागेल. देऊ नका. तुमच्या मापाला ताणलेलं इलॅस्टिक तिला आधार देणार नाही, आणि ज्या पट्ट्यावर तुमच्या जखमेचं पाणी लागलं होतं तो दुसऱ्याच्या ताज्या टाक्यांवर नको. तिला हवीच असेल तर तुमची मापाची टेप आणि बसून मोजायची रीत द्या.